भिंत पश्चिमेला, दार पूर्वेला

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही तुम्हाला एका बंदराची गोष्ट सांगणार आहोत. या बंदरात धक्का नाही, मासळीचा लिलाव नाही, चहाची टपरी नाही. मुळात तिथे कुणी राहतच नाही. तरीही या बंदरानं कितीतरी माणसांचे जीव वाचवले, आणि कितीतरी जणांना शिकवलं की आसरा मिळणं वेगळं आणि संसार उभा राहणं वेगळं.

आधी जागा कुठे आहे ते बघू. मुलांच्या शाळेतला जगाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपल्या देशापासून खाली आग्नेयेला ऑस्ट्रेलिया, त्याच्या उजव्या हाताला न्यूझीलंड. न्यूझीलंडचं दक्षिण टोक गाठलं, की तिथून आणखी सुमारे ४६५ किलोमीटर दक्षिणेला जायचं. मुंबईहून पणजी सरळ रेषेत जेवढी लांब, साधारण तेवढं अंतर, आणि सगळा खवळलेला समुद्र. तिथे ऑकलंड बेटं लागतात. ऑकलंड नावाचं न्यूझीलंडचं मोठं शहर वेगळं, ते पार उत्तरेला. ही बेटं निर्मनुष्य. सगळ्यात मोठं ते मुख्य बेट, त्याच्या दक्षिणेला ॲडम्स बेट, उत्तरेला एंडरबी नावाचं लहानसं बेट, आणि भोवती आणखी काही.

या बेटांवर दोन मोठी नैसर्गिक बंदरं आहेत. उत्तरेला पोर्ट रॉस आणि दक्षिणेला कार्नली. नैसर्गिक बंदर म्हणजे माणसानं न बांधलेलं, जमिनीच्या आकारानंच तयार झालेलं. आपल्या कोकणात खाडीच्या तोंडाशी होड्या आत घेतात, तसंच. पण आत शिरलेलं प्रत्येक पाणी बंदर होत नाही. त्याला चार गोष्टी लागतात. वाऱ्याच्या बाजूनं आडोसा हवा. जहाज आत येईल एवढं तोंड हवं, पण लाटा सरळ आत घुसतील एवढं उघडं नको. पाण्याला पुरेशी खोली हवी. आणि चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे नांगर धरून ठेवणारा तळ. या चार गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

हा आकार झाला कसा? एक कोटीहून जास्त वर्षांपूर्वी इथे समुद्रातून दोन ज्वालामुखी वर आले, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. त्यांच्या थंड झालेल्या लाव्ह्याचा दगड म्हणजे बसाल्ट. आपला सह्याद्री याच जातीच्या काळ्या दगडाचा, आणि आपलं जातं-पाटाही बहुतेक त्याचंच. पुढे हिमयुगात या डोंगरांवर बर्फ साचला. बर्फाच्या जड नद्या हळूहळू खाली सरकताना त्यांनी पूर्वेच्या उतारावर खोल दऱ्या खरवडल्या. मग बर्फ वितळला, समुद्राची पातळी चढली आणि त्या दऱ्यांत पाणी शिरलं. म्हणून आज पूर्वेचा किनारा हाताच्या बोटांसारखा फाटलेला दिसतो. जमिनीचं एक बोट, पाण्याचं एक बोट. दक्षिणेचं कार्नली बंदर तर जुन्या ज्वालामुखीच्या पोटातच आहे. खचलेल्या त्या मोठ्या खळग्यात समुद्र भरला, आणि उरलेला काठ म्हणजे भोवतीचे डोंगर.

आता पश्चिमेची बाजू. पृथ्वीच्या या पट्ट्यात पश्चिमेकडून सतत वारा वाहतो आणि त्याला अडवायला वाटेत जमीनच नाही. हजारो किलोमीटर मोकळ्या समुद्रावरून तो धावत येतो, लाटांना ढकलत आणतो आणि या बेटांवर आदळतो. या लाटांनी पश्चिमेचा किनारा कापून उभे कडे केले आहेत. काही ठिकाणी कडा शेकडो मीटर उंच, खाली वाळू नाही, पाय ठेवायला जागा नाही, आणि पायथ्याशी लाटांनी कोरलेल्या गुहा.

पावसाळ्याआधी आपण घराच्या ज्या बाजूनं झड येते त्या बाजूला झापं बांधतो आणि जाण्यायेण्याचं दार दुसऱ्या बाजूला ठेवतो. या बेटांचं तसंच आहे. पश्चिमेला भिंत, पूर्वेला दार. अडचण एवढीच, की शिडाची जहाजं पश्चिमेकडूनच यायची. ऑस्ट्रेलियाहून लोकर आणि सोनं घेऊन इंग्लंडला निघालेली जहाजं हाच जोरदार वारा पाठीशी घेऊन दक्षिणेच्या समुद्रातून जात. धुकं असलं, रात्र असली, हिशेब थोडा चुकला, की समोर दार नसे, भिंत असे.

१८६६ च्या मे महिन्यात 'जनरल ग्रँट' नावाचं जहाज मेलबर्नहून लंडनला निघालं होतं. त्यावर ८३ माणसं होती. रात्री वारा पडला आणि जहाज प्रवाहाबरोबर वाहत या कड्यांवर गेलं. पुढे सरकत ते एका गुहेतच शिरलं. डोलकाठी गुहेच्या छताला आपटत राहिली आणि अखेर तिनंच जहाजाचा तळ फोडला. ६८ माणसं बुडाली. १५ जण होड्यांतून वाचले. त्यांत एकच बाई होती, जहाजावर नोकरी करणारी मेरी ॲन ज्यूएल. तिचा नवराही वाचला.

हे पंधरा जण कड्याच्या बाजूला उतरूच शकत नव्हते. होड्या वल्हवत, बेटाला वळसा घालत ते उत्तरेच्या पोर्ट रॉसमध्ये आले. तिथे एकदम पाणी शांत. कारण बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात ही जागा आहे, पश्चिमेला मुख्य बेटाचे डोंगर आड येतात आणि उत्तरेला एंडरबी, रोझ आणि युइंग ही लहान बेटं. तिथे रहिवासी नव्हतेच. मेरी ॲन आणि तिच्या सोबत्यांनी सीलच्या मांसावर दिवस काढले, सीलच्याच कातड्याचे कपडे शिवले आणि विस्तव विझू दिला नाही. विस्तव राखणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना वेगळं सांगावं लागलं नसतं. चार जण मदत आणायला होडीतून निघाले, ते परत आले नाहीत. एक जण आजारानं गेला. उरलेल्या दहा जणांना १८६७ च्या नोव्हेंबरात एका देवमासे पकडणाऱ्या जहाजानं सोडवलं. दीड वर्ष!

तुम्ही म्हणाल, बंदर इतकं चांगलं, तर तिथे गाव का नव्हतं? गाव होतं, मैत्रिणींनो. पण तीनच वर्षं टिकलं.

खरं तर माणूस तिथे फार पूर्वीच पोचला होता. एंडरबी बेटावर सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या खूणा सापडल्या आहेत. आणि त्या कसल्या, तर चुलींच्या. पॅसिफिक महासागरातले पॉलिनेशियन लोक जमिनीत खड्डा करून, दगड तापवून अन्न भाजत, त्या चुली. ते लोक राहिले नाहीत. पुढे १८०६ मध्ये अब्राहम ब्रिस्टो या इंग्रज कप्तानाला ही बेटं दिसली. दुसऱ्या वर्षी येऊन त्यानं तिथे डुकरं सोडली, म्हणजे अडकलेल्या खलाशांना खायला मिळेल. १८४० मध्ये जेम्स क्लार्क रॉस हा दर्यावर्दी दोन जहाजं घेऊन आला. त्याच्याच नावावरून पोर्ट रॉस. त्याला बंदर फार आवडलं. देवमासे मारणाऱ्या जहाजांसाठी ही उत्तम जागा, असं त्यानं सांगितलं. तो आला होता नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या दिवसांत.

लंडनचा व्यापारी चार्ल्स एंडरबी याच्या मनात ही कल्पना भरली. १८४९ च्या डिसेंबरात तो माणसं घेऊन पोर्ट रॉसला आला. बायका होत्या, मुलं होती, सुतार-लोहार होते. घरं उभी राहिली. गावाला हार्डविक असं नाव दिलं. तिथे त्यांच्या आधी, १८४२ पासून, चॅटम बेटांवरून आलेले माओरी लोक राहत होते, आणि त्यांनी गुलाम करून आणलेले मोरिओरी लोकही.

आता आपल्या त्या चार गोष्टी आठवा. आडोसा, तोंड, खोली, तळ. पोर्ट रॉस चारही बाबतींत ठीकच होतं. पण त्या चार गोष्टी जहाजाच्या. जहाज समुद्रात मिळवतं आणि बंदरात विसावतं. माणसाला जमिनीवर कमवावं लागतं. तिथली माती म्हणजे वर्षानुवर्षं कुजलेल्या, पाण्यानं चिंब झालेल्या झाडपाल्याचा काळा थर. आम्लयुक्त, पाणी धरून बसलेली. वर्षातले बहुतेक दिवस पाऊस. सूर्य क्वचित दिसतो. उन्हाळ्यातही गारठा. पिकं धरेनात. आणि ज्या देवमाशांसाठी सगळा खटाटोप केला, ते आधीच्या जहाजांनी मारून संपवत आणले होते. १८५२ च्या ऑगस्टात गाव उठलं. घरं मोडून नेली. उरलं ते छोटं कब्रस्तान. त्यात एका तान्ह्या मुलीचीही कबर आहे. माओरीही काही वर्षांत निघून गेले.

हार्डविकच्या बायकांनी त्या वाऱ्यात कसे दिवस काढले असतील, ते बोलताना आमच्यातल्या एकीनं एक प्रश्न विचारला. जागा बघायला गेलेल्यांनी मातीत हात घालून पाहिलं होतं का? बंदर पाहून जागा ठरवली, माती पाहिली नाही. नव्या वसाहतीत घर दाखवताना आपल्याला रस्ता आणि भिंती दाखवतात, पाणी कुठून येतं ते आपण विचारावं लागतं, तसंच हे.

आता दक्षिणेच्या कार्नली बंदरात जाऊ. तिथली गोष्ट याहून वेगळी आहे. १८६४ च्या जानेवारीत 'ग्राफ्टन' नावाचं लहान जहाज तिथे आत आलं. पाच माणसं, पाच मुलखांतली: अमेरिकन कप्तान मसग्रेव्ह, फ्रेंच रेनाल, एक नॉर्वेचा, एक इंग्रज आणि एक पोर्तुगीज स्वयंपाकी. भिंत चुकवून ते दारातून आत शिरले होते. तरीही जहाज फुटलं. बंदराच्या आतच! डोंगरांवरून खाली कोसळणारे वाऱ्याचे झोत, आणि खाली खडकाळ तळ. नांगरांच्या साखळ्यांनी दगा दिला आणि जहाज किनाऱ्याच्या खडकांवर आपटलं. चौथी गोष्ट आठवली ना? आडोसा उत्तम होता, तळानं घात केला.

पाचही जण वाचले. त्यांनी जहाजाच्या फळ्यांची झोपडी बांधली. शिंपले भाजून चुना केला आणि चूल-धुराडं उभं केलं. राख, चुना आणि सीलचं तेल यांपासून साबण केला. कातडी कमावून पायताणं केली. पण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. त्यांनी आपल्यातून एक प्रमुख निवडला आणि नियम लिहून काढले. प्रमुखानं सगळ्यांना सांभाळायचं, भांडण मिटवायचं, आणि तो नीट वागला नाही तर बाकीचे त्याला बदलू शकतील. संध्याकाळी ते शाळा भरवत. ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. बचत गटाची पहिली बैठक आठवली ना, अध्यक्ष कोण, वही कुणाकडे, न आलेल्याचं काय? अखेर त्यांनी भाता-भट्टी तयार करून खिळे घडवले आणि आपली छोटी होडी मोठी केली. १८६५ च्या जुलैत तिघे जण पाच दिवस खवळलेला समुद्र पार करून न्यूझीलंडच्या स्ट्युअर्ट बेटावर पोचले. मसग्रेव्ह दुसरं जहाज घेऊन परत आला आणि मागे राहिलेल्या दोघांना घेऊन गेला. पाचही जण जिवंत परतले.

त्याच काळात, त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला, १८६४ च्या मे महिन्यात 'इनव्हरकॉल्ड' हे जहाज कड्यांवर फुटलं. २५ पैकी १९ जण किनाऱ्याला लागले. वर्षभरानं सुटका झाली तेव्हा तिघेच उरले होते. दोन्ही तुकड्यांना एकमेकींची खबर नव्हती. मध्ये डोंगर, दलदल, आणि वाऱ्यानं वाकवलेल्या झाडांची गच्च जाळी.

ही गोष्ट सांगताना बरेच जण म्हणतात, एका तुकडीत एकी होती म्हणून ती वाचली, दुसरीत नव्हती म्हणून मेली. आम्ही थोडं सांभाळून बोलू. 'ग्राफ्टन' बंदराच्या आत फुटलं, म्हणून त्याचं लाकूड, शिडं, हत्यारं, थोडं धान्य हाताशी राहिलं. 'इनव्हरकॉल्ड' कड्याखाली फुटलं, म्हणून त्या माणसांच्या हाताला जवळजवळ काहीच लागलं नाही. पहिला फरक जमिनीनं केला. दुसरा फरक माणसांनी केला. वरच्या तुकडीत कप्तान आणि खलाशी एकमेकांना धरून राहिले नाहीत, दमलेले मागे पडत गेले. अडचणीत असलेल्या बाईला नुसतं 'हिंमत धर' म्हणू नये, तिच्या हाताशी काय आहे तेही बघावं, हे आपण गटात रोज शिकतोच.

या अपघातांनंतर न्यूझीलंडमधल्या लोकांनी जे केलं ते ऐकण्यासारखं आहे. त्यांनी या निर्मनुष्य बेटांवर लहान लहान कोठारं ठेवली. झोपड्यांत बिस्किटं, कपडे, काडेपेट्या, अवजारं. काही ठिकाणी होडी. आणि जागोजागी वाट दाखवणारे खांब, कोठार कुठल्या दिशेला आहे ते सांगणारे. सरकारी आगबोटी ठरावीक काळानं चक्कर मारून माल भरत आणि कुणी अडकलंय का ते बघत. कुलूप तर लावता येत नाही, कारण गरजू माणूस कोण असेल ते माहीत नाही. मग एका पेटीवर लिहून ठेवलं होतं, की ज्याच्या पाठीशी स्वतःचं जहाज आहे अशा कुणी ही पेटी फोडली, तर त्याला विधवांचे आणि पोरक्या लेकरांचे तळतळाट लागतील. शापाचं कुलूप!

कोठारांचा उपयोग झाला का? १९०७ च्या मार्चमध्ये 'डंडोनाल्ड' हे जहाज पश्चिमेच्या एका ओसाड बेटावर फुटलं. मुख्य बेटापासून ते सुमारे आठ किलोमीटर दूर. वाचलेल्यांनी समुद्रपक्षी आणि एका मोठ्या पानांच्या झाडाची मुळं खाऊन हिवाळा काढला. मग झुडपांच्या वाकड्या फांद्या टोपलीसारख्या विणल्या, त्यावर शिडाचं कापड शिवलं आणि त्या टोपलीत बसून काही जण मुख्य बेटावर आले. रान तुडवत ते पोर्ट रॉसच्या कोठारापाशी पोचले. तिथे अन्न होतं, कपडे होते, होडी होती. त्याच होडीनं त्यांनी बाकीच्यांना आणलं. नोव्हेंबरात 'हिनेमोआ' ही सरकारी आगबोट आली आणि १५ जण घरी गेले. ज्यांनी ती बिस्किटं बांधून ठेवली, त्यांनी त्या पंधरांची तोंडं कधी पाहिली नव्हती.

पुढे वाफेची जहाजं आली, पनामा कालवा १९१४ ला उघडला, शिडाच्या जहाजांची ही वाट ओस पडली. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमाराला 'एर्लांगेन' हे जर्मन जहाज कार्नलीच्या आतल्या फाट्यात येऊन लपलं, तिथली झाडं तोडून जळण भरलं आणि चिलीला निसटलं. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत न्यूझीलंडनं दोन्ही बंदरांवर टेहळणीला माणसं ठेवली. तीही गेली. आज ही बेटं राखीव आहेत. परवानगीशिवाय कुणी उतरू शकत नाही. १९९८ पासून ती जागतिक वारशात आहेत. ब्रिस्टोच्या डुकरांची पिलावळ अजून मुख्य बेटावर झाडं आणि पक्ष्यांची घरटी उकरते, तिला हटवायचा बेत चालू आहे. एंडरबी बेटावरून ससे आणि गुरं १९९३ पर्यंत काढली, तिथे मोठ्या पानांची, फुलांची रोपटी परत फुटली.

आणि पोर्ट रॉस? ते रिकामं नाही. दर हिवाळ्यात तिथे देवमाशांच्या माद्या येतात. बाळंतपणाला! ज्यांना मारून संपवत आणलं होतं, तीच जात. एका बाळासाठी तिला साधारण वर्षभर गर्भ वाहावा लागतो आणि बाळं बहुतेक तीन-तीन वर्षांच्या अंतरानं होतात. पिल्लू नवं असताना आई फारसं खातही नाही, अंगातल्या चरबीवर त्याला पाजते. तिला पिकं नकोत, माती नको. तिला हवं ते शांत पाणी आणि वाऱ्याकडून आडोसा. म्हणजे बंदराच्या चार गोष्टींतली पहिलीच. माणसांना जे बंदर गाव म्हणून पुरलं नाही, ते तिला माहेर म्हणून पुरतं. २००९ च्या अंदाजानुसार न्यूझीलंडच्या पाण्यात ही जात दोन हजारांच्या वर गेली होती.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. एका मोठ्या कागदावर आपल्या गावाचा नकाशा काढा. झड कुठल्या बाजूनं येते, पुराचं पाणी कुठे चढतं, आसऱ्याची पक्की जागा कुठली. निसर्ग चक्रीवादळ २०२० च्या जूनमध्ये आलं तेव्हा ज्यांच्या घरांवरचे पत्रे उडाले, त्या बायकांना आधी विचारा, त्यांना ठाऊक आहे. मग पुढचे प्रश्न लिहा. त्या जागेची किल्ली कुणाकडे? तिथे पिण्याचं पाणी, काडेपेटी, बाळाचे कपडे, औषध ठेवलंय का? एकटी राहणारी म्हातारी तिथवर कशी पोचेल? वाट दाखवणारा खांब आहे का? उत्तरं मिळाली, की आम्हाला कळवा. पुढच्या भाषणात ती वाचून दाखवू.